दात अंधारात घासा

१९७४च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये विजेची अशी ओढाताण होती की बहुतेक कारखान्यांना आणि कचेऱ्यांना आठवड्यातले तीनच दिवस वीज मिळत होती. तेल महागलेलं, त्यात कोळसा खाणकामगारांनी जादा वेळ काम करणं थांबवलेलं. टीव्ही रात्री साडेदहाला बंद. अशात ऊर्जामंत्री पॅट्रिक जेन्किन रेडिओवर बोलले आणि लोकांना त्यांनी एक सल्ला दिला: वीज वाचवायची तर दात अंधारात घासा. सल्ला तसा वाईट नव्हता. आपले दात कुठे आहेत हे माणसाला दिव्याशिवायही ठाऊक असतं. पण लगोलग एका वृत्तपत्राने मंत्र्यांच्या घराचा फोटो छापला. खिडक्या लख्ख उजळलेल्या.

ऊर्जाधोरणावरचे जाडजूड अहवाल वाचून मी विसरले, हा किस्सा मात्र डोक्यातून जात नाही. जेन्किन खोटं बोलले नव्हते. वीज खरंच कमी होती आणि ती वाचवायलाही हवी होती. लोकांनी त्यांची टर उडवली, कारण काटकसर नेमकी कुणी करायची याचं उत्तर त्या खिडक्यांत दिसत होतं. फेब्रुवारीच्या अखेरीला निवडणूक झाली. देश चालवतं कोण, सरकार की कामगार संघटना, असा रोखठोक प्रश्न पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी मतदारांपुढे टाकला होता. मतदारांच्या उत्तरात हीथ यांचीच खुर्ची गेली.

मला हसायचा फारसा हक्क नाही. उमेदीच्या काळात काही वर्षं मी एका वीज कंपनीसाठी ग्राहकांना जाणाऱ्या सूचना लिहीत असे. बिलाबरोबर घडी घातलेला एक गुळगुळीत कागद येतो, जो कुणी वाचत नाही, तोही कुणीतरी लिहिलेला असतो. तो मी लिहायचे.

एकदा दर वाढायचे होते. मी मसुद्याच्या पहिल्याच ओळीत लिहिलं, ‘अमुक तारखेपासून दरवाढ लागू होत आहे.’ वरिष्ठांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, लाल पेनाने ‘दरवाढ’ खोडलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, ‘दर सुसूत्रीकरण’.

‘पण सर, वाढच आहे ना?’

‘आहे की.’

‘मग?’

‘कळेल की. बिल गेलं की कळेलच.’

ते गृहस्थ काही दुष्ट नव्हते. ग्राहकाला आणखी एक महिना शांत झोपू द्यावं, असा त्यांचा हिशेब. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मुकाट्याने कागद पुन्हा टाइप केला. पुढे ‘समायोजन’, ‘पुनर्रचना’, ‘तर्कसंगत आकारणी’ हे शब्द माझ्या इतके अंगवळणी पडले की एकदा घरमालकाचं पत्र आलं तेव्हा मी नवऱ्याला सांगितलं, ‘अरे, भाड्याचं सुसूत्रीकरण झालंय.’ त्याने मानही वर न करता विचारलं, ‘कितीने वाढलं?’

एवढाच वेळ लागतो बघा. अर्धा सेकंद. आम्ही मात्र त्या शब्दावर दोन बैठका घेतल्या होत्या.

इतर खात्यांत असला शब्दांचा खेळ बराच काळ चालून जातो. शिक्षणाचा दर्जा घसरला तर कळायला एक पिढी जाते. ऊर्जेचं तसं नाही. वीज गेली की त्या क्षणी कळतं आणि इंधन महागलं की पंपावरच्या फिरत्या आकड्यांत दिसतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. तरीही जगभरची सरकारं कोंबडं झाकायची हौस भागवून घेतात, आणि विशेषकरून मंदीतून देश वर येत असताना. ते समजण्यासारखंही आहे. आजारातून नुकत्याच उठलेल्या माणसाला घरातल्या कर्जाबद्दल कोण सांगतं? आधी पायावर उभा राहू दे, मग बघू. पण अर्थव्यवस्था पायावर उभी राहते ती वीज आणि इंधन खाऊनच, आणि तेच खाणं उधारीवर चाललेलं असेल तर ‘मग बघू’चा दिवस फार वाईट उजाडतो.

मध्यंतरी झोपेने दगा दिला होता, तेव्हा रात्री कानात इअरफोन घालून मी राज्यकर्त्यांची जुनी भाषणं ऐकायला लागले. (झोप येईल अशी आशा होती. काही भाषणांनी ती पूर्णही केली.) त्यातलं एक मी चार-पाच वेळा ऐकलं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट, १२ मार्च १९३३, रविवार रात्र. शपथ घेऊन त्यांना आठच दिवस झाले होते. महामंदीचा तळ. लोक रांगा लावून पैसे काढत होते, म्हणून देशभरातल्या बँका त्यांनी स्वतःच हुकूम काढून बंद केल्या होत्या. आता त्या उघडायच्या होत्या, आणि उघडताच पुन्हा तशाच रांगा लागल्या तर सगळाच खेळ आटोपला असता.

भाषण जेमतेम तेरा-चौदा मिनिटांचं आहे. बँकेचं काम कसं चालतं, इथून ते सुरुवात करतात. तुम्ही ठेवलेला पैसा बँक तिजोरीत रचून ठेवत नाही, तो ती कर्जांत आणि रोख्यांत गुंतवते. म्हणून सगळेच्या सगळे ठेवीदार एकदम दारात आले तर धडधाकट बँकही पैसे देऊ शकत नाही. एखाद्या शिक्षकाने फळ्यावर मांडावं तसं हे सगळं. मग वेळापत्रक: सोमवारी कुठल्या शहरांतल्या बँका उघडतील, मंगळवारी कुठल्या, बुधवारपासून कुठल्या. तुमची बँक पहिल्या दिवशी उघडली नाही म्हणजे ती बुडाली असं समजू नका. आणि मग, ज्यासाठी मी पुन्हा पुन्हा मागे जाऊन ऐकलं ते वाक्य. सगळ्या बँका उघडतीलच किंवा कुणाचंच नुकसान होणार नाही, असं वचन मी देत नाही, असं ते सरळ सांगतात. टाळता येण्यासारखं नुकसान मात्र होऊ देणार नाही.

दुसऱ्या दिवशी बँकांपुढे रांगा लागल्या. पैसे भरायच्या. लोकांनी घरात दडवलेल्या रोकडीपैकी सुमारे दोन तृतीयांश महिनाअखेरपर्यंत बँकांत परत आली. १५ तारखेला शेअर बाजार उघडला तो एका दिवसात १५ टक्क्यांहून जास्त चढला.

आता यात एक मेख आहे आणि ती लपवणं बरं नाही. उघडलेली बँक गादीखालच्या जागेपेक्षा सुरक्षित आहे, असंही त्याच भाषणात रूझवेल्ट म्हणतात. एवढ्या हजारो बँकांची वह्या-खाती चार दिवसांत कुणी नीट तपासली असतील, हे शक्यच नव्हतं. म्हणजे ते काही प्रमाणात जुगार खेळत होते. त्यांच्या मागे ९ मार्चला घाईघाईने मंजूर झालेला कायदा होता, आणि लागेल तेवढी रोकड पुरवायची मध्यवर्ती बँकेची तयारी होती. निव्वळ खरेपणाच्या कसोटीवर लावलं तर हे भाषण शंभर नंबरी सोनं ठरणार नाही. पण त्यांनी काय झालंय ते सांगितलं, उद्या काय होणार ते सांगितलं, आणि कुणाला तरी झळ बसेल हेही सांगितलं. ही तिसरी गोष्ट सांगणारा राज्यकर्ता विरळा. आमच्या कंपनीत ते वाक्य पहिल्याच बैठकीत उडालं असतं.

रूझवेल्टनंतर मी जिमी कार्टर ऐकले, आणि तिथे माझा जीव खरा अडकला. कारण कार्टर यांच्याइतका ऊर्जेबद्दल खरं बोलायला निघालेला दुसरा राष्ट्राध्यक्ष मला माहीत नाही, आणि त्यांच्याइतकी पंचाईतही कुणाची झाली नाही.

२ फेब्रुवारी १९७७ची रात्र. तो हिवाळा भयंकर होता. नैसर्गिक वायू कमी पडून कारखाने आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. व्हाइट हाउसच्या ग्रंथालयात शेकोटी पेटलेली, आणि समोर कोटाऐवजी फिकट रंगाचा लोकरी स्वेटर घातलेले राष्ट्राध्यक्ष, सत्तेवर येऊन दोन आठवडेही न झालेले. घरातल्या हीटरचा थर्मोस्टॅट दिवसा ६५ आणि रात्री ५५ अंश फॅरनहाइटवर ठेवा, म्हणजे साधारण १८ आणि १३ सेल्सिअस, असं ते सांगतात. स्वेटर पुढे चेष्टेचा विषय झाला, पण मला तो आवडतो. जेन्किन यांच्या खिडक्यांपेक्षा तो कितीतरी बरा. निदान सांगणाऱ्याच्या अंगावर होता.

ऊर्जेची टंचाई ही कायमची गोष्ट आहे, हे तथ्य आपण स्वीकारायला हवं, असंही ते त्या रात्री म्हणाले. ते चुकलं. नवे साठे सापडले, गाड्या कमी तेलात जास्त पळायला लागल्या, आणि १९८६ साली तर तेलाचे भाव धाडकन कोसळले. प्रामाणिक माणूस चुकत नाही असं थोडंच आहे? पण आपला अंदाज ‘तथ्य’ म्हणून मांडला की तो चुकल्यावर लोक अंदाजाबरोबर माणसालाही मोडीत काढतात. ‘आज आम्हाला असं दिसतंय’ एवढे चार शब्द जोडायला काही पैसे पडत नाहीत. सरकारांना ते चार शब्द का जड जातात कोण जाणे.

मग १९७९. इराणमध्ये क्रांती झाली, तेलाचा पुरवठा आटला आणि अमेरिकेत पेट्रोल पंपांवर मैलभर रांगा लागल्या. या रांगांमागे एक घरगुती कारणही होतं, ते फार लोकांना ठाऊक नसतं. १९७१ साली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी महागाई रोखायला किमती गोठवल्या. बाकीच्या किमती यथावकाश मोकळ्या झाल्या, तेलावरचं नियंत्रण मात्र राहिलं. भाव सरकार ठरवणार आणि कुठल्या भागाला किती इंधन जाणार हेही सरकारी नियमांनी ठरणार, तेही जुन्या खपाच्या हिशेबाने. लोकांनी टंचाईच्या भीतीने लांबचे प्रवास टाळले आणि ते शहरातच राहिले. इंधन मात्र नियमाप्रमाणे सहलीच्या ठिकाणी जात राहिलं. शहरात रांगा, तिकडे पंप भरलेले. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

कार्टर यांना हे कळत नव्हतं असं नाही. तेलाच्या किमती टप्प्याटप्प्याने मोकळ्या करण्याची घोषणा त्यांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये केली होती, आणि त्याला धाडस लागतं. पण जुलैमध्ये ठरलेलं भाषण ऐनवेळी रद्द करून ते कॅम्प डेव्हिडच्या डोंगरात, राष्ट्राध्यक्षांच्या विश्रामस्थानी, जाऊन बसले. दहा दिवस तिथे नाना तऱ्हेच्या लोकांना बोलावलं, त्यांचं ऐकलं, टिपणं काढली. १५ जुलैला टीव्हीवर आले तेव्हा त्यातली स्वतःवरची टीका त्यांनी वाचून दाखवली. तुम्ही देशाचं नेतृत्व करत नाही, नुसतं सरकार सांभाळता, असं एका गव्हर्नरने त्यांना सुनावलं होतं, तेही. हे वाचताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा आहे. एखाद्या मुलाने स्वतःचं प्रगतिपुस्तक वर्गासमोर वाचावं तसा.

इथपर्यंत सगळं ठीक. मग ते लोकांकडे वळतात. देशाचा आत्मविश्वास हरवलाय, आपण उपभोगाची पूजा करायला लागलोय, माणसाची ओळख तो काय करतो यापेक्षा त्याच्याकडे काय आहे यावरून ठरते. एकेक वाक्य खरं आहे. पण ऐकणारा त्याच दिवशी दोन तास रांगेत उभा राहून आलेला आहे. त्या रांगेत सरकारी नियमांचा वाटा किती, याबद्दल भाषणात जवळजवळ काहीच नाही. अंथरूण पाहून पाय पसरा असं सांगणाऱ्याने अंथरूण आखूड कुणी शिवलं तेही सांगायला हवं की नको?

गंमत म्हणजे लोकांना ते भाषण आधी आवडलं होतं. त्यांची लोकप्रियता ११ अंकांनी वाढली. दोनच दिवसांनी त्यांनी सगळ्या मंत्रिमंडळाकडून राजीनामे मागितले. जो माणूस परवा आत्मविश्वासाबद्दल बोलत होता त्याचंच घर विस्कटलेलं दिसलं, आणि वाढलेली लोकप्रियता आली तशी गेली.

त्याआधी जूनमध्ये त्यांनी व्हाइट हाउसच्या छतावर पाणी तापवणारी ३२ सौर पॅनेल बसवली होती. एका पिढीनंतर ही पॅनेल संग्रहालयातली वस्तू झालेली असतील, न घेतलेल्या वाटेचं उदाहरण ठरतील किंवा एका मोठ्या साहसाची सुरुवात, असं ते तेव्हा म्हणाले. १९८६ साली छताच्या दुरुस्तीसाठी ती काढली आणि परत कुणी बसवली नाहीत. त्यातलं एक आज स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. टंचाईबद्दलचं भाकीत चुकलं, पण हे अगदी शब्दशः खरं ठरलं.

१९७३च्या डिसेंबरमध्ये नेदरलँड्सचे पंतप्रधान योप डेन आयल यांनी टीव्हीवर सांगितलं की तेलसंकटाच्या आधीचं जग आता परत येणार नाही, आणि म्हणून आपलं जगणं दुःखीच होईल असंही नाही. तिथे नोव्हेंबरपासून रविवारी मोटारी बंद होत्या, मुलं हमरस्त्यांवर सायकली आणि स्केट्स घेऊन धावत होती. डेन्मार्कनेही तेच केलं. पण डेन्मार्कची खरी गोष्ट रविवारच्या सायकलींत नाही, ती १९८६ साली घडली. तेल स्वस्त झालं तेव्हा लोकांना स्वस्ताई वाटून टाकण्याऐवजी तिथल्या सरकारने ऊर्जेवरचा कर वाढवला. लोकप्रिय होण्याची आयती चालून आलेली संधी होती. ज्या देशाची नव्वद टक्के ऊर्जा १९७३मध्ये आयात तेलावर होती, त्याची अर्ध्याहून जास्त वीज आज वाऱ्यापासून येते. वीज तिथे महाग आहे आणि लोक कुरकुरतातही, पण कराला तिथे करच म्हणतात.

याच्या बरोबर उलटी गोष्ट अर्जेंटिनाची. २००१-०२च्या दिवाळखोरीत चलन कोसळलं, तेव्हा जानेवारी २००२मध्ये सरकारने वीज आणि गॅसचे दर गोठवले. त्या घडीला मी तिथे असते तर मीही तेच केलं असतं. लोकांच्या हातात पैसाच नव्हता. मग देश सावरला, आणि चांगलाच सावरला. २००३पासून काही वर्षं अर्थव्यवस्था दरवर्षी आठ-नऊ टक्क्यांनी वाढली. गोठवलेले दर मात्र गोठलेलेच राहिले, कारण ते वितळवायचे तर कुणीतरी लोकांसमोर जाऊन सांगायला हवं होतं. खरी किंमत आणि बिलातली किंमत यांच्यातली दरी सरकार अनुदानाने भरत गेलं. स्वस्त वीज म्हणून वापर वाढला, पैसा मिळेना म्हणून कंपन्यांनी तारा-ट्रान्सफॉर्मरवर खर्च करणं सोडलं. कधीकाळी ऊर्जा निर्यात करणारा देश आयात करायला लागला.

आणि मग महागाईचा आकडा. २००७पासून तिथल्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेत सरकारने हात घातला आणि अधिकृत महागाई प्रत्यक्षापेक्षा कितीतरी कमी दिसायला लागली. स्वतःचा हिशेब छापणाऱ्या खाजगी अर्थतज्ज्ञांना दंड झाले. तेव्हा विरोधी खासदारांनी एक युक्ती काढली. त्या तज्ज्ञांच्या अंदाजांची सरासरी काढायची आणि दर महिन्याला खासदारांनीच ती जाहीर करायची. खासदाराला कोण दंड करणार? महागाईचा आकडा असा चोरट्या मालासारखा आडवाटेने लोकांपर्यंत पोचत होता. फेब्रुवारी २०१३मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने चुकीच्या आकडेवारीबद्दल अर्जेंटिनाची अधिकृत निंदा केली. कुठल्याही देशाबाबत असं पहिल्यांदाच घडत होतं.

२०१५च्या डिसेंबरमध्ये नवं सरकार आलं आणि त्याने २०१६ साली दर एका दमात कित्येक पटींनी वाढवले. चौदा वर्षांचं व्याज एका बिलात. लोक रस्त्यावर आले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि ऑगस्टमध्ये न्यायालयाने घरगुती गॅसची दरवाढ रद्द केली. दर वाढवूच नका असं न्यायालय म्हणालं नाही. वाढवण्याआधी जनसुनावणी घ्यायला हवी होती, ती घेतली नाही, एवढाच मुद्दा. लोकांना आधी सांगा, त्यांचं ऐका, मग वाढवा. हे वाचताना मला लाल पेनाची ती बारीक अक्षरं आठवली. आम्ही ‘सुसूत्रीकरणा’मागे लपत होतो, अर्जेंटिनाने चौदा वर्षं त्या कागदाची घडीच उघडली नव्हती.

काय झालंय, हे अलीकडची सरकारं बऱ्यापैकी सांगतात. तापमानवाढ, युद्ध, आयात, सगळ्याचे तक्ते असतात. घोडं अडतं ते ‘भरणार कोण’ या प्रश्नापाशी. फ्रान्समध्ये इंधनावरचा कार्बन कर २०१८मध्ये कार्बन डायऑक्साइडच्या टनाला ४४.६० युरोपर्यंत गेला होता आणि २०१९च्या जानेवारीत तो ५५ व्हायचा होता. कारण खरं होतं, कुणी लपवलंही नव्हतं. पण २०१८पासूनच श्रीमंतांवरचा जुना संपत्ती कर जाऊन त्याजागी फक्त स्थावर मालमत्तेपुरता कर आला होता, आणि कार्बन कराचा बराचसा पैसा सर्वसाधारण तिजोरीत जात होता. ज्याला कामाला जायला रोज मोटारीशिवाय गत्यंतर नाही, त्याने ही बेरीज-वजाबाकी तोंडी केली. १७ नोव्हेंबरला पिवळी जाकिटं घालून लोक चौकाचौकांत उभे राहिले. त्यांच्यातली एक घोषणा फ्रेंचमध्ये अनुप्रासात बसते आणि मराठीत आणली तरी टोचते: तुम्हाला जगाच्या अंताची काळजी, आम्हाला महिनाअखेरची. डिसेंबरमध्ये करवाढ मागे घेतली गेली.

जर्मनीतही तेच, फक्त माणूस जास्त आवडता. २०२१मध्ये जर्मनीच्या आयात वायूपैकी निम्म्याहून जास्त रशियातून येत होता. नॉर्ड स्ट्रीम २ ही नळवाहिनी निव्वळ व्यापारी प्रकल्प आहे, असं तिथले नेते वर्षानुवर्षं सांगत आले होते. मग युक्रेनवर हल्ला झाला. ग्रीन पक्षाचे रॉबर्ट हाबेक अर्थमंत्री होते. ज्या कोळशाविरुद्ध त्यांचा पक्ष आयुष्यभर लढला, तो पुन्हा जाळायची वेळ त्यांच्यावरच आली. हे कडू आहे, पण करावं लागतंय, असं ते म्हणाले. मी अंघोळीचा वेळही कमी केलाय, असंही त्यांनी सांगितलं, आणि त्यांच्या बाबतीत न्हाणीघराच्या खिडकीचा फोटो कुणी छापला नाही. डिसेंबर २०२२मध्ये विल्हेल्म्सहाफेनला आयात द्रवरूप वायूचं पहिलं बंदर सुरू झालं, तेही वर्षाच्या आत. लोक त्यांच्यावर खूश होते.

पुढच्याच वर्षी घर गरम करण्याच्या यंत्रणेबद्दलचा कायदा आला. जुन्या वायूच्या बॉयलरऐवजी पुढे नवीकरणीय ऊर्जेवर चालणारी व्यवस्था, असा त्याचा रोख. मसुदा फेब्रुवारीत फुटला. त्यात बंधन होतं, मदत किती मिळणार हे ठरलेलं नव्हतं. तळघरात वीस वर्षांचा बॉयलर असलेल्या निवृत्त माणसाला एवढंच दिसलं की आपल्याला मोठा खर्च आहे, आणि तो नेमका किती हे सांगायला कुणी नाही. कायद्यावर नीट चर्चा करायला खासदारांना वेळच दिलेला नाही, म्हणून घटना न्यायालयाने जुलैमध्ये मतदान थांबवलं. सप्टेंबरमध्ये कायदा झाला, पण तोवर हाबेक यांच्यावरचा लोकांचा विश्वास पार ओसरला होता. कडू म्हणून कडू पाजणारा तोच माणूस. यावेळी मात्र मात्रा किती आणि औषधाचे पैसे कुणाचे, ते बाटलीवर लिहिलं नव्हतं.

जपानबद्दल लिहायचं तर जपून लिहायला हवं, कारण तिथे एकाच वर्षात दोन्ही टोकं आहेत. मार्च २०११मध्ये फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांचा गाभा वितळला. ‘वितळला’ हा शब्द वीज कंपनीने मे महिन्यापर्यंत अधिकृतपणे उच्चारला नाही, तोवर ‘गाभ्याचं नुकसान’ असं चाललं होतं. तो शब्द वापरू नका असा हुकूम कंपनीच्या तेव्हाच्या अध्यक्षांनीच दिला होता, हे २०१६मध्ये बाहेर आलं आणि कंपनीने माफी मागितली. मी ती बातमी वाचली आणि वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. कुठल्यातरी टेबलावर तो शब्द कुणीतरी खोडला असेल. आणि कुणीतरी, माझ्यासारखंच, मुकाट्याने पुन्हा टाइप केला असेल.

त्याच उन्हाळ्यात तोक्योच्या टापूत विजेची मागणी १५ टक्क्यांनी कमी करायचं ठरलं. तिथे हवामानाच्या अंदाजासारखा विजेचा अंदाज द्यायला सुरुवात झाली. आज किती वीज उपलब्ध आहे, आत्ता किती वापरली जातेय, दुपारी मागणी कुठवर जाईल, सगळं टीव्हीवर आणि संकेतस्थळावर. स्टेशनांतले दिवे अर्धे विझवलेले, सरकते जिने थांबलेले, मोटार कारखाने शनिवार-रविवार चालवून गुरुवार-शुक्रवारी बंद. १५ टक्क्यांची बचत झाली. जे लोक काही महिन्यांपूर्वी एका शब्दासाठी ताटकळत होते, त्यांच्याच हातात कुणीतरी खरा आकडा दिला आणि त्यांनी तो वापरला. तो अंदाज अजूनही प्रसिद्ध होतो. माझा तोक्योशी काडीचा संबंध नाही, तरी अधूनमधून मी तो उघडून बघते.

मागच्या महिन्यात कपाट आवरताना जुनी फाइल सापडली. लाल पेनाचा तो मसुदा तिच्यात होता, शाई आता तपकिरी झालेली. वाटलं, आता कुणी वरिष्ठ नाही, लिहून बघू. कोरा कागद घेतला. पहिलं वाक्य सहज आलं: पुढच्या महिन्यापासून विजेचा दर वाढतो आहे. दुसरंही आलं: कोळसा महागला आहे, आणि गेली काही वर्षं आम्ही दर मुद्दाम कमी ठेवला होता, त्याची भरपाईही यात आहे. तिसरं लिहायला घेतलं: ही वाढ सगळ्यांना सारखी नाही, ज्यांना ती लागू होत नाही ते म्हणजे...

आणि पेन थांबलं. ती यादी मला ठाऊकच नव्हती. इतकी वर्षं त्या सूचना लिहिल्या, पण ती मी कधी कुणाला विचारली नव्हती.